बिल्ला पालथा करा
संग्राहकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात सैनिकी आणि राजकीय बिल्ल्यांवरची पत्रं इतकी आली की अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकतो. एक तक्रार मात्र आधीच नोंदवतो. जवळजवळ प्रत्येकाने फोटो पाठवलाय तो बिल्ल्याच्या तोंडाचा. नक्कल करणारा माणूससुद्धा सगळी मेहनत तोंडावरच घेतो, कारण गिऱ्हाईक तेवढंच बघतं हे त्याला पक्कं माहीत असतं.

माझ्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: मी इतिहासाचा अभ्यासक नाही. उमेदीची वर्षं टूलरूममध्ये डाय (नक्षी उठवायचा पोलादी ठसा) आणि पंच (धातू ठोकायचं किंवा कापायचं हत्यार) घडवण्यात गेली. त्यामुळे बिल्ला हातात आला की ‘हा कुणाचा’ याच्या आधी ‘हा केला कसा’ हे डोक्यात येतं. उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. रेजिमेंटांच्या लढाया ऐकायच्या असतील तर निराशा होईल.

प्रश्न: माझ्याकडे ब्रिटिश पायदळाचा टोपीवर लावायचा बिल्ला आहे. वरचा मुकुट ‘किंग्ज क्राउन’ आहे आणि मागच्या पट्टीवर ‘जे. आर. गाँट, लंडन’ असा शिक्का आहे. म्हणजे १९५३ च्या आधीचा आणि अस्सल, असं समजायला हरकत नाही ना?

हरकत आहे. दोन्ही गोष्टींना.

मुकुट नक्षीचं वय सांगतो, धातूचं सांगत नाही. तुम्ही म्हणता तो ‘किंग्ज क्राउन’, म्हणजे ट्यूडर घाटाचा मुकुट, ब्रिटिश बिल्ल्यांवर १९०१ नंतर आला आणि एलिझाबेथ राणीच्या काळात, १९५३ पासून, त्याची जागा सेंट एडवर्ड मुकुटाने घेतली, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण पुढे वीस-तीस वर्षांनी कुणी तीच जुनी नक्षी पुन्हा ठोकायला घेतली, तर मुकुट बदलायची सक्ती त्याच्यावर कोण करणार? त्यात २०२२ मध्ये राजे चार्ल्स यांनी पुन्हा ट्यूडर घाट पसंत केला. आता सरकारी कोरे बिल्लेही वरवर पाहता आजोबांच्या जमान्यातला मुकुट घालून येतील. मुकुटावरून एवढंच ठरतं की बिल्ला अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही. नंतरचा कितीही असू शकतो.

आता गाँट. बर्मिंगहॅमची ही कंपनी बिल्ले आणि बटणांसाठी नावाजलेली, म्हणूनच तिचं नाव नकलांवर सढळ हाताने मारलेलं सापडतं. उलट असंख्य अस्सल बिल्ल्यांवर कारखान्याचं नावच नसतं. नावाचा असा पंच करायला टूलरूममधल्या बऱ्या हाताच्या कारागिराला एक दुपार पुरते. ज्या खुणेला एक दुपार पुरते, तिच्यावर मी तरी भिस्त ठेवत नाही.

तेव्हा बिल्ला पालथा करा आणि दहापटीचं भिंग घ्या. त्या काळचा सैनिकाचा बिल्ला सहसा पितळेच्या पातळ पत्र्यावर डायमध्ये ठोकलेला असतो. त्यामुळे पुढे जे उंच तेच मागे खोल दिसतं. सिंहाची आयाळ पुढे उठलेली असेल तर मागे त्याच आयाळीचा खळगा हवा. मग वेगळ्या पंचाने बाहेरची कड आणि नक्षीतली भोकं कापतात, आणि माझ्या मते खरी साक्ष या भोकांच्या कडा देतात. पत्रा पंचाने कापला की कापाच्या जाडीत दोन पट्टे उमटतात. पंच जिथे घुसतो तो भाग गुळगुळीत, चकाकणारा. पुढचा भाग कापला न जाता तुटतो, तो खरबरीत. बाहेरची कड हाताळून आणि घासून झिजते, पण मुकुटाच्या कमानीखालच्या किंवा अक्षरांमधल्या चिंचोळ्या भोकात बोटही जात नाही, की फडकंही जात नाही. तिथे हे पट्टे वर्षानुवर्षं टिकतात.

स्वस्तातली नक्कल बहुधा ओतीव असते. अस्सल नगावरून साचा घेतात आणि पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू ओततात. मग पाठ सपाट किंवा दाणेदार येते, अक्षरांचे कोपरे गोलावतात, भोकांमध्ये धातूचा पापुद्रा राहतो आणि तो काढताना कानशीच्या तिरक्या रेघा पडतात. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो. पितळेचं आकसणं साधारण दीड टक्का धरतात. म्हणजे ५० मिलिमीटर रुंदीच्या अस्सल बिल्ल्यावरून घेतलेली नक्कल पाऊण मिलिमीटरने कमी भरते. डोळ्याला कळणार नाही, व्हर्नियर मापकाला मात्र हा फरक ढळढळीत दिसतो. खात्रीच्या नगाची मापं वहीत लिहून ठेवण्याची सवय मी म्हणूनच लावून घेतली आहे: रुंदी, उंची, पत्र्याची जाडी, वजन.

झीज आणि ओतकाम यांत मात्र गल्लत करू नका. सैनिक हे बिल्ले रोज घासून चकचकीत करत, त्यामुळे अस्सल बिल्ल्याचंही नाक-तोंड पुसट होतं. पण झीज उंचवट्यांवर होते. खाचेच्या तळाशी रेघा अजून धारदार असतात आणि पाठ तर जवळजवळ नव्यासारखी. ओतीव नगात मऊपणा सगळीकडे सारखा, खाचेतही आणि पाठीवरही.

अपवाद आहेत. युद्धकाळात छावणीजवळच्या बाजारात स्थानिक कारागिरांनी वाळूच्या साच्यात ओतलेले बिल्लेही सैनिकांनी टोपीवर मिरवले आहेत. ते ओतीव असूनही अस्सल. मात्र तसा दावा कुणी केला तर बिल्ल्याबरोबर त्या सैनिकाचे कागद, गणवेशातला फोटो, काहीतरी हवंच. नुसता ‘आघाडीवर बनलेला’ म्हणून खपवलेला ओबडधोबड बिल्ला मी घेत नाही.

सगळ्यात डोकेदुखी रिस्ट्राइकची. मूळ डाय सांभाळलेला असतो आणि पुढे केव्हातरी त्याच डायमधून नवे नग ठोकले जातात. इथे माप बरोबर, खळगे बरोबर, कडाही बरोबर. पण पडून राहिलेल्या डायवर गंजाचे खड्डे पडतात, आणि डायवरचा खड्डा म्हणजे बिल्ल्यावर बारीक पुळी. डायला तडा गेला तर बिल्ल्यावर उठावदार केसासारखी रेघ येते. तशा पुळ्या-रेघा सपाट जागी दिसल्या की मी मागच्या जोडकामाकडे वळतो: पट्टी किंवा कड्या कशा बसवल्यात, डाख किती, पट्टीचा पत्रा बिल्ल्याच्या मानाने किती नवा. डाय जुना मिळाला तरी डाख देणारा हात आणि पट्टीचा धातू नवाच असतो.

तुमच्या फोटोवरून पट्टी मुळाशी चकाकतेय असं वाटतं. मागच्या बाजूचा तिरक्या उजेडातला फोटो पाठवा, मग बोलू.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. बिल्ल्याला लोहचुंबक चिकटला तर तो खोटा, असं मला एकाने सांगितलं. खरं आहे का?

कुठला बिल्ला, त्यावर आहे. ब्रिटिश पितळी बिल्ल्याला चुंबक चिकटला तर आत लोखंडी पत्रा आणि वर मुलामा आहे, म्हणजे संशय घे. पण १९३९ चा जर्मन ‘आयर्न क्रॉस’ (शौर्यपदक) घेतलास तर गणित उलटं. त्याचा गाभा लोखंडाचा आणि भोवती दोन भागांची रुपेरी चौकट, म्हणून तिथे चुंबक चिकटायला हवा. नाही चिकटला तर विचारात पडायचं, तरी लगेच फेकून द्यायचं नाही, कारण बिनलोखंडी गाभ्याचे थोडे अस्सल नगही आहेत. त्याऐवजी कडेला भिंग लाव आणि चौकटीच्या दोन भागांच्या जोडाची रेघ शोध. नकलेत पुष्कळदा अख्खा क्रॉस एकसंध ओतून मध्ये काळा रंग फासलेला असतो.

चुंबक जरूर जवळ ठेव. फक्त तो लावण्याआधी ‘इथे काय व्हायला पाहिजे’ हे तुला माहीत असलं पाहिजे.

प्रश्न: ब्रिटिश सैन्याचा प्लास्टिकचा बिल्ला एका विक्रेत्याकडे दिसला. हा तर उघड खोटा ना?

नाही हो, थांबा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनने १९४१-४२ च्या सुमारास खरोखरच प्लास्टिकचे टोपीबिल्ले काढले होते, तपकिरी, करड्या अशा रंगांत. मागे टोपीत खुपसून दुमडायच्या धातूच्या पात्या असतात. या पात्या वाकवल्याने तुटत, त्यामुळे दोन्ही शाबूत असलेला नग मिळणं अवघड. त्यांच्याही नकला निघाल्या आहेत. पण ‘प्लास्टिक म्हणून खोटा’ हे कारण चालणार नाही.

प्रश्न: नाझी पक्षाचा मीनाकाम केलेला सदस्यबिल्ला घेतला. मागे ‘आर.झेड.एम.’ आणि ‘एम १’ ने सुरू होणारा क्रमांक आहे. विक्रेता म्हणतो, क्रमांक असल्यामुळे शंकेला जागाच नाही.

विक्रेत्याला जागा नसेल, आपल्याला भरपूर आहे. आर.झेड.एम. म्हणजे पक्षाच्या गणवेश-साहित्यावर नियंत्रण ठेवणारं कार्यालय. ते कारखान्यांना परवाना क्रमांक देई आणि धातूच्या बिल्ल्यांसाठी ‘एम १’ हा गट होता. त्याआधीच्या, साधारण १९३४-३५ पूर्वीच्या नगांवर बहुधा ‘गेस. गेश.’ एवढंच, म्हणजे नक्षी कायद्याने राखीव असल्याची नोंद. हे सगळे क्रमांक आता यादीवार छापून उपलब्ध आहेत, आणि ती यादी नक्कल करणाऱ्यानेही घरी ठेवलेली असते.

त्याला जड जातो तो मीना. अस्सल बिल्ल्यातला मीना ही काच असते. पूड भरून भट्टीत वितळवायची, मग दगडावर घासून धातूच्या कडांशी समपातळीत आणायची. भिंगातून बघितलं की काच आणि धातू एकाच पातळीवर दिसतात, मध्ये पायरी नसते. क्वचित एखादा बारीक बुडबुडा फुटलेला असतो. टवका उडाला असेल तर तो काचेसारखा, शिंपल्याच्या आतल्या वळणाचा. नकलेत रंग भरलेला असेल तर तो वाळताना खाली बसतो, धातूच्या रेघा वर राहतात. राळ ओतली असेल तर ती उलट फुगून कडांवर चढते. आणखी शंका असेल तर अगदी कडेला, नजरेत न येईल अशा जागी, सुईचं टोक हलकेच टेकवा. काचेला काही होत नाही, राळेत टोक रुततं. मात्र हे विकत घेतल्यावरच. दुसऱ्याच्या मालाला सुई लावायची नाही.

धातूही वेळापत्रक पाळतो. जर्मन बिल्ले सुरुवातीला टोंबाक नावाच्या तांबड्या पितळेत आणि जर्मन सिल्व्हरमध्ये होत. युद्ध लांबलं तसं तांबं दारूगोळ्याकडे गेलं आणि बिल्ले जस्तात येऊ लागले. जस्त कधी हिरवं कळकत नाही. ते करडं पडतं, त्यावर पांढुरकी भुकटी येते. ‘युद्धाच्या अखेरचा’ म्हणून दाखवलेल्या जस्ताच्या बिल्ल्याच्या खाचांत छान हिरवा थर दिसला, तर तो थर रंगाच्या डबीतून आला आहे.

सोनेरी पक्षबिल्ल्याबद्दलही दोघांनी विचारलंय. तो पहिल्या एक लाख सदस्यांपैकी अखंड सदस्यत्व असलेल्यांसाठी होता आणि मागे त्या माणसाचा सदस्य क्रमांक असे. एक लाखाच्या वरचा आकडा दिसला तर तिथेच प्रश्न विचारा. क्रमांक लहान आहे म्हणून मात्र खूश होऊ नका. आकडे ठोकायचे पंच कुणाकडेही असतात.

एक आणखी प्रकार माहीत असू द्या. २६ जुलै १९५७ च्या पश्चिम जर्मन कायद्याने युद्धकाळातली मानचिन्हं स्वस्तिक काढून वापरायला परवानगी दिली. तेव्हा बिनस्वस्तिकाचे नवे नग बनले. आयर्न क्रॉसच्या मध्यभागी ओकची पानं आली. हे नग १९५७ नंतरचे म्हणून अस्सलच आहेत, युद्धातले म्हणून विकले तर फसवणूक. कधीकधी अशा नगावर मागाहून स्वस्तिक चिकटवलेलं असतं. मध्यभागी डाखाचा किंवा डिंकाचा माग शोधा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. हा माल भिंतीवर लावायचा नसतो. माझा खण बंद असतो आणि चिठ्ठीवर कुठल्या राजवटीचा ते स्पष्ट लिहिलेलं असतं. जर्मनीत तर ही चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे, अभ्यास-संशोधनासारख्या कामांची सूट सोडून.

प्रश्न: ‘फ्राइस इंडियन’ची बाहीवरची ढाल मिळाली, झेपावणारा वाघ असलेली. काळ्या खोलीत अतिनील दिवा धरला तर ती अजिबात चमकली नाही. म्हणजे मूळची?

हेवा वाटावा असा नग, जर मूळचा असेल तर. नेताजींच्या प्रयत्नांतून जर्मनीत १९४२ मध्ये उभ्या राहिलेल्या या आझाद हिंद पलटणीत सुमारे तीन हजार माणसं होती. ढाली फार तर त्याच्या काही पट बनल्या असतील. त्यातल्या युद्ध, कैद आणि परतीचा प्रवास यांतून किती वाचल्या असतील, आणि आज विक्रीला किती दिसतात, याचा नुसता मनाशी ताळा करा. दिव्याच्या आधी मी हा ताळा करतो.

आता दिवा. कापड आणि धागा पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी रसायनं वापरतात ती अतिनील उजेडात निळसर चमकतात, आणि त्यांचा सर्रास वापर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. म्हणून चमक दिसली तर संशय. पण जुना बिल्ला कुणी पुढे आधुनिक साबणपावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल, बिचारा अस्सल असून. आणि न चमकणारा धागा आजही विकत मिळतो. नकला करणारे लोक हे दिवे आपल्या आधीपासून वापरताहेत. म्हणजे न चमकल्याने तुमची ढाल फक्त पहिल्या चाळणीतून खाली पडली नाही, एवढंच.

पुढची चाळणी धाग्याची. पॉलिएस्टर बाजारात आलं ते १९५० च्या दशकात. मागच्या बाजूचा एखादा सुटा तंतू (सुटाच, ओढून काढलेला नको) चिमट्यात धरून ज्योतीला लावा. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनतं. गोळी झाली तर प्रकरण मिटलं. राख झाली तर पाठीमागे शिवणीच्या जुन्या टाक्यांची भोकं आहेत का, आणि ऊन न लागलेल्या मागच्या बाजूचा रंग पुढच्यापेक्षा गडद राहिलाय का, ते बघा. पुढून फिका आणि मागूनही तितकाच फिका असेल तर रंग उन्हाने नव्हे, चहासारख्या कुठल्यातरी पाण्यात बुडवून उतरवला असावा.

प्रश्न: अमेरिकेतल्या नातेवाइकांनी निवडणुकीचे जुने गोल बिल्ले पाठवले. त्यात १८९६ चा मॅकिन्लेचा आहे. चकचकीत पत्रा, जराही डाग नाही. इतका चांगला टिकू शकतो का?

चांगला टिकू शकतो, पण पत्र्याचा असू शकत नाही.

१८९६ च्या मॅकिन्ले विरुद्ध ब्रायन या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे गोल पिनबिल्ले पहिल्यांदा मोठ्या संख्येने आले. न्यूअर्कच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने त्यांची रीत बसवली: कागदावर चित्र छापायचं, त्यावर पारदर्शक सेल्युलॉइड ठेवायचं आणि दोन्ही एकत्र धातूच्या टोपणावर दाबून मागे कडीने आवळायचे. पत्र्यावर थेट छापलेले बिल्ले त्यानंतरच्या काळातले. म्हणून १८९६ चं चित्र थेट पत्र्यावर दिसलं की मी तारीख पुढे वाचतच नाही.

तुमचा बिल्ला मला ओळखीचा वाटतोय. कडेला जिथे पत्रा मागे वळतो तिथे, अगदी बारीक अक्षरांत, काही छापलंय का बघा. १९६८ मध्ये क्लीनेक्स टिश्यूजने आणि १९७२ मध्ये अमेरिकन ऑइलने जाहिरातीसाठी जुन्या निवडणूक बिल्ल्यांचे नकली संच काढले होते. त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, वळलेल्या कडेवर कंपनीचं नाव आणि साल छापलेलं आहे. हेतू पुढच्या माणसाचा. तो ती अक्षरं खरवडतो, कडेला गंज चढवतो किंवा रंग देतो. कड खरवडलेली असणं हाच पुरावा समजा. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत कायदा झाला की राजकीय वस्तूची नक्कल केली तर बनवल्याचं साल तिच्यावर कायमचं, वाचता येईल असं उमटवलं पाहिजे. त्यामुळे तिथे कायदा पाळून बनवलेल्या नकला सोप्या झाल्या. न पाळणाऱ्यांसाठी आपलं भिंग आहेच.

सेल्युलॉइडवर असेल तरी काम संपत नाही. छपाई बघा. नवी नक्कल जुन्या बिल्ल्याचा फोटो किंवा स्कॅन घेऊन छापतात, तेव्हा जुन्या छपाईच्या ठिपक्यांवर नव्या ठिपक्यांची जाळी बसते आणि चेहऱ्यावर धूसर लाटा उमटतात. जुन्या नगात ओल शिरून कागदावर आतल्या बाजूने तपकिरी डाग पडलेले पुष्कळदा आढळतात. डागावरून बोट फिरवलं तर वरचं सेल्युलॉइड गुळगुळीत लागतं. बोटाला डाग लागला तर तो कुणीतरी वरून दिलाय. अंगठ्याने जोरात चोळून नाकाशी धरा, सेल्युलॉइडला कापराचा वास येतो. तापवलेली सुई टोचायचा उद्योग करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

आणि त्याच पेटीत १९२० च्या निवडणुकीतले उमेदवार कॉक्स आणि रूझवेल्ट यांच्या जोडचेहऱ्यांचा बिल्ला निघाला तर आनंदाने ओरडू नका. अमेरिकन राजकीय बिल्ल्यांमधला तो सर्वांत मानाचा, त्यामुळे सर्वाधिक नकला झालेल्यांपैकीही एक.

प्रश्न: माओचे बिल्ले तर अब्जांनी बनले. त्यांची नक्कल कोण कशाला करेल?

पर्यटक असतात ना. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत चीनमध्ये इतके बिल्ले बनले की ॲल्युमिनियम कमी पडू लागलं आणि ‘माझी विमानं परत द्या’ असं खुद्द माओ म्हणाल्याचं सांगतात. १९६९ मध्ये उत्पादनाला लगाम लागला. अशा मालात सामान्य नगाची नक्कल म्हणजे नुसतं आठवणवस्तूंचं दुकान, पण मोठे, पोर्सेलिनचे किंवा विशिष्ट लष्करी तुकडीचे नग जरूर तपासा. मागे बहुतेकदा कारखान्याचं किंवा संस्थेचं नाव आणि घोषणा उठावदार अक्षरांत असते. पाठ कोरी आणि पिन पोलादी झळझळीत असेल तर मी पुढे चौकशी करत नाही.

प्रश्न: सोव्हिएत ‘रेड स्टार’वर क्रमांक आहे. त्यावरून तो कुणाला मिळाला ते शोधता येतं म्हणतात. मग क्रमांक असलेला नग सुरक्षित नाही का?

क्रमांकामुळेच तर त्यात हातचलाखी होते. ६ एप्रिल १९३० ला स्थापन झालेलं हे मानचिन्ह चांदीचं, पाकळ्यांवर लाल मीना, मध्ये बंदूकधारी सैनिक आणि भोवती जगातल्या कामगारांनो एक व्हा ही घोषणा. मागे मळसूत्राचा दांडा आणि क्रमांक. वर्षागणिक पाठीची मांडणी बदलत गेली आणि प्रत्येक मांडणीला क्रमांकांचा आपला टप्पा आहे. टप्पा आणि मांडणी जुळत नसतील तर नग एक आणि क्रमांक दुसऱ्याचा. एखाद्या वीराची कागदपत्रं हाताशी असली की सामान्य नगाचा क्रमांक घासून तिथे त्या वीराचा ठोकतात. घासलेली जागा किंचित खोलगट होते. पाठीवर सरळ पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा, खालून फट दिसते. आकड्यांच्या भोवतीचा चांदीचा काळपटपणाही तेवढ्याच तुकड्यात गायब असतो.

‘देशभक्तीपर युद्धा’च्या (सोव्हिएत लोक दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या लढ्याला असं म्हणत) मानचिन्हाबद्दल एवढंच की १९८५ मध्ये विजयाच्या चाळिसाव्या वर्षी ते हयात योद्ध्यांना मोठ्या संख्येने पुन्हा दिलं गेलं. १९८५ चा नग खोटा नाही, पण तो १९४३ चाही नाही.

आणि हो, रशियात सोव्हिएत काळातली सरकारी मानचिन्हं विकणं आणि विकत घेणं हा फौजदारी गुन्हा आहे. तिकडे फिरायला गेल्यावर बाजारात हात आखडता ठेवा.

प्रश्न: यजमानांच्या माघारी त्यांचा संग्रह आवरते आहे. बरेच बिल्ले काळवंडलेत. विकण्याआधी पॉलिश करून घ्यावेत का?

ताई, कृपा करून एकालाही पॉलिश लावू नका. तो काळपटपणा ही तुमच्या बाजूची साक्ष आहे. जुन्या बिल्ल्यावर तो असमान असतो: जिथे बोटं लागत तिथे उजळ, खाचांत गडद, आणि खाचांच्या तळाशी सैनिकाच्या काळातल्या पॉलिशचा वाळलेला पांढरट साका. रसायनात बुडवून आणलेलं म्हातारपण सगळीकडे एकसारखं येतं, पाठीवर आणि पिनेखालीसुद्धा. जाणकार गिऱ्हाईक हेच शोधेल, आणि तुम्ही ते फडक्याने पुसून टाकाल.

मऊ ब्रशने धूळ झटका. प्रत्येक बिल्ला वेगळ्या, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा. रबर, चिकटपट्टी आणि वास मारणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, त्या धातू आणि मीना दोन्ही खराब करतात. सेल्युलॉइडचे बिल्ले बाकीच्यांपासून दूर, मोकळ्या हवेत. ते कुजू लागले की त्यांच्या वाफेने शेजारचा धातू गंजतो.

यजमानांची वही, पावत्या, पत्रं, चिठ्ठ्या असतील तर बिल्ल्यांपासून सुट्या करू नका. कुठला बिल्ला केव्हा आणि कुणाकडून आला याची त्यांच्या हातची एक ओळसुद्धा माझ्या भिंगाहून मोलाची. विकत घ्यायला येणारा घाई करत असेल, ‘सगळे एकगठ्ठा द्या’ म्हणत असेल, तर आधी दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा.

प्रश्न: माझ्याकडचा एक बिल्ला नकली ठरला. विक्रेता परत घेत नाही. आता त्याचं काय करू?

ठेवा. शेजारी खात्रीचा नग असेल तर याच्याइतका चांगला गुरू मिळणार नाही. दोघांचे पुढचे-मागचे फोटो घ्या, मापं आणि वजनं शेजारीशेजारी लिहा. वहीत ‘नक्कल’ असं स्पष्ट लिहाच, पण वही हरवते, म्हणून बिल्ल्याच्या पाठीवरही ‘न’ एवढं अक्षर पंचाने ठोका. डिंकाची चिठ्ठी नको, ती निघते. तुमच्यानंतर तो कुणाच्या हाती जाईल, तो माणूस पालथा करेल तेव्हा त्याला दिसू दे.